पोट खाली उतरलं का? नवव्या महिन्यात घरच्या घरी कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

माझ्या पहिल्या वेळेस ३६वा आठवडा संपत आला होता. आठवा लागल्यापासून मंगळसूत्राच्या वाट्या सरळ पोटावर टेकून बसायच्या, बसले तरी, उभी राहिले तरी, मला त्याची सवयच झालेली. एक दिवस सकाळी चहा घेताना बघते तर वाट्या मोकळ्या लोंबतायत, पोट खाली आणि त्या वर, मधे चांगली चार बोटं जागा. सासूबाईंनी कप ठेवला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पोट उतरलं गं तुझं, आता आज-उद्या." झालं. नवऱ्याने रजा टाकली, आई-बाबा रात्रीच्या गाडीने निघून आले, बॅग दाराशी. बाळ आलं १९ दिवसांनी. नवऱ्याची रजा तोपर्यंत अर्धी संपलेली आणि बाबा कंटाळून परत गावी जाऊन आलेले.

तर पोट उतरणं म्हणजे नक्की काय, ते कसं ओळखायचं, आणि ओळखून झाल्यावर घाबरायचं कधी न् आरामात बसायचं कधी, हे सगळं नीट एका जागी लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही, दोन बाळंतपणं झालेली बाई आहे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून हैराण करणारी आहे, एवढंच.

आधी हे होतं काय ते

ओटीपोटात हाडांचा एक कटोरा असतो, पेल्व्हिस. बाळ इतके दिवस त्याच्या वरच्या बाजूला तरंगत असतं. शेवटच्या दिवसांत गर्भपिशवीचा खालचा भाग मऊ होऊन पसरतो आणि बाळाचं डोकं त्या कटोऱ्यात सरकतं. डॉक्टर म्हणतात "हेड फिक्स झालं" किंवा "एंगेज झालं", घरातल्या बायका म्हणतात पोट उतरलं, गोष्ट साधारण तीच. ३६ आठवड्यांच्या आसपास पिशवीचं वरचं टोक छातीच्या मधल्या हाडाच्या खालपर्यंत पोचलेलं असतं, आणि डोकं खाली गेलं की ते टोक पण खाली येतं, इतकं की ४०व्या आठवड्यात पोटाची उंची जवळपास ३२व्या आठवड्याएवढी दिसू शकते. म्हणून काही जणी घाबरतात, पोट लहान झालं, बाळाभोवतीचं पाणी कमी झालं का, बाळ सुकलं का. बऱ्याचदा तसं काही नसतं, बाळ तेवढंच आहे, फक्त जागा बदललीय. तरी खात्री चेकअपला करून घ्या, कारण पाणी खरंच कमी झालं असेल तर ते आरशात बघून कळत नाही.

पहिलं काम: आठवडे मोजा, महिने नाही

आपल्याकडे "नववा लागला" म्हणतात आणि तो कोणी कसा मोजतं कोणी कसा. तुमच्या पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर बाळंतपणाची जी अंदाजे तारीख आहे ती धरा आणि आज किती आठवडे किती दिवस ते काढा. पहिलटकरणीचं पोट बरेचदा कळा सुरू व्हायच्या २ ते ४ आठवडे आधी उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेस मात्र बाळ अगदी कळा सुरू होईपर्यंत वरच असू शकतं, कारण पोटाचे स्नायू आधीच सैल झालेले असतात, बाळाला खाली दाबून धरायला कोणी नसतं, त्याला पण घाई नसते. आणि पहिलटकरीण असूनही डोकं वर असतानाच कळा सुरू झाल्या असं पण भरपूर जणींचं होतं, त्यात काही बिघडलेलं नसतं.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी खाली खूप दाब येतोय, कंबर भरून येतेय, पोट राहून राहून कडक होतंय असं वाटलं तर "उतरलं वाटतं" म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी फोन करा. ते वेळेआधीच्या बाळंतपणाचं लक्षण असू शकतं.

दुसरं: आरसा आणि हात

दर रविवारी सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच गाऊनमध्ये, त्याच भिंतीला, आडव्या बाजूने एक फोटो काढा. रोज रोज बघून फरक कळत नाही, दोन रविवारचे फोटो शेजारी ठेवले की कळतो. मग सरळ उभं राहून छाती आणि पोट यांच्या मधे हात आडवा ठेवून बघा. आधी बोटं शिरत नव्हती आणि आता अख्खा तळवा बसतो, तर पोट उतरलं असायची बरीच शक्यता. सलवारची नाडी किंवा परकर जिथे बांधता तिथे आता पोट आडवं येतं, हे पण एक.

पण हे सगळ्यांचं दिसतंच असं नाही हां. अंगाने भरलेल्या बाईचं, उंची कमी असलेलीचं, जुळी असतील तिचं, बाहेरून काहीच कळत नाही. माझ्या जावेचं शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, आणि ती आपली रोज शेजारणींना पोट दाखवत फिरायची.

तिसरं: शरीर काय सांगतंय

सगळ्यात आधी श्वास मोकळा होतो. जिना चढून आल्यावर आधी सोफ्यावर पाच मिनिटं धापा टाकायचे, ते कमी झालं. जेवण जातं, दोन घासांत पोट भरायचं ते आता एक भाकरी नीट खाता येते, घशाशी येणारं आंबट पाणी कमी होतं. हे चांगलं चांगलं झालं.

आता दुसरी बाजू. वरचं ओझं खाली आलं म्हणजे ते लघवीच्या पिशवीवर आलं. रात्री चार-पाच वेळा उठायचं, गेलं की चमचाभर होते आणि परत येऊन आडवं झालं की परत लागते. शिंक आली, हसू आलं की थेंब जातो. यावर पाणी प्यायचं कमी करू नका, फक्त झोपायच्या आधी दोन तास जरा हात आखडता घ्या आणि ते दिवसभरात भरून काढा. लघवी करताना जळजळ होत असेल, ताप असेल, लघवीला वास येत असेल तर ते बाळाच्या दाबाने नाही, इन्फेक्शन आहे, तपासून औषध घ्यावंच लागतं.

मग तो करंट. याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. भाजी घ्यायला उभी होते, हातात मेथीची जुडी, आणि एकदम खाली मायांगात वीज चमकल्यासारखी कळ, दोन सेकंद, जागच्या जागी थिजले, भाजीवाली म्हणते "ताई बसता का". बसेपर्यंत गेली पण. डोकं खाली आलं की तिथल्या नसांवर दाब पडतो आणि बाळ हललं, तुम्ही वळलात, उठलात की अशी कळ येते. ही बाळंतपणाची कळ नव्हे. ती पोटभर येते, वाढत जाते, ठराविक वेळाने परत येते. ही येते, चमकते, जाते. तसं झालं की कशाला तरी धरून उभं राहा, एक पाय हळू वर करून बाजूला घ्या, किंवा जरा कुशी बदला, बाळ सरकलं की सुटका होते.

बाकी चालणं बदलतं, पाय फाकवून बदकासारखं, घरचे हसतात, हसू द्या. कंबर आणि माकडहाड दुखतं, जांघा भरून येतात, बद्धकोष्ठ वाढतं, मूळव्याध असेल तर ती डोकं वर काढते. पांढरं जाणं वाढतं, त्याला खाज, घाण वास किंवा हिरवट रंग नसेल तर ठीक. आणि आधी बरगडीखाली बसणाऱ्या लाथा आता जरा खाली जाणवतात, तर खालून डोकं घुसळल्यासारखं वाटतं.

हे मात्र नीट वाचा: हालचाल

"बाळ खाली उतरलं की हालचाल कमी होते, त्याला जागा नसते" हे वाक्य मी निदान दहा जणींच्या तोंडून ऐकलंय, त्यात शिकलेल्या पण होत्या. असं नसतं. हालचालीची जात बदलते, मोठी लाथ जाऊन सरकणं, ढुशी, वळणं जास्त जाणवतं, पण हालचाल कमी व्हायला नको, अगदी बाळंतपणाच्या दिवसापर्यंत. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडा, मोबाईल बाजूला, आणि मोजा. दोन तासांत १० हालचाली व्हायला हव्यात. तुमच्या डॉक्टरांनी मोजायची वेगळी पद्धत सांगितली असेल तर ती पाळा. आकडा भरला नाही, किंवा भरला पण तुमच्या मनाला "आज हे बाळ रोजच्यासारखं नाही" असं वाटतंय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. सकाळपर्यंत बघू, असं म्हणायचं नाही. उगाच गेलात आणि सगळं ठीक निघालं तर कोणी ओरडत नाही, आणि ओरडलं तर ओरडू दे.

चौथं: डॉक्टर कसं बघतात, रिपोर्ट कसा वाचायचा

चेकअपला डॉक्टर किंवा नर्सताई पोटावरून हाताने डोकं चाचपतात. डोक्याचे पाच भाग धरले तर किती भाग अजून वर हाताला लागतात ते बघतात. पाचच्या पाच लागले म्हणजे डोकं तरंगतंय, दोन किंवा कमी लागले म्हणजे एंगेज झालं. आतून तपासलं तर "स्टेशन" सांगतात, कटोऱ्याच्या आत दोन्ही बाजूला हाडाची टोकं असतात, डोकं त्या पातळीला आलं की शून्य, वर असेल तर उणे, खाली गेलं तर अधिक.

आता मोठा घोळ इथे होतो. सोनोग्राफीत "सेफॅलिक" लिहिलेलं असतं आणि आपण समजतो बाळ खाली आलं. सेफॅलिक म्हणजे फक्त बाळाचं डोकं खालच्या दिशेला आहे. ते ३०व्या आठवड्याला पण लिहिलेलं असू शकतं. दिशा वेगळी, उतरणं वेगळं. "ब्रीच" लिहिलं असेल तर बाळ पायाळू आहे, म्हणजे ढुंगण किंवा पाय खाली. पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते वगैरे ऐकतच मोठे झालो आपण, पण ३६-३७ आठवड्यांना बाळ पायाळू असेल तर डॉक्टरांशी पुढचं नीट बोलून घ्या, बाहेरून हाताने वळवता येईल का, सिझर लागेल का, आणि मधेच पाणी गेलं तर काय करायचं.

तारीख जवळ आली आणि डोकं वरच असेल तर विचारा, का? कधी आपला आठवड्यांचा हिशोबच चुकलेला असतो. कधी बाळाचं तोंड पोटाकडे असतं म्हणून डोकं नीट शिरत नाही. वार (प्लासेंटा) खाली असेल, पाणी जास्त असेल, खाली गाठ असेल, किंवा डोक्याच्या मानाने कटोरा अरुंद असेल तरी असं होतं. बऱ्याच वेळा यातलं काहीच नसतं आणि कळांच्या जोराने बाळ आपलं आपण खाली येतं, त्यामुळे डोकं वर आहे म्हणजे सिझरच, असं कोणी म्हटलं तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पाचवं: रोजचं बसणं-उठणं

झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, पोटाखाली एक पातळ चादर घडी करून. उठताना सरळ उठायचंच नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटून बसायचं, एक मिनिट थांबून उभं राहायचं. साडी-सलवार घालताना एका पायावर उभं राहू नका, कॉटवर बसून घाला, जांघेतलं अर्धं दुखणं तिथेच कमी होतं. पोट फारच ओढत असेल तर सपोर्ट बेल्ट मिळतो, तो पोटाखालून घ्यायचा, पोटावरून आवळायचा नाही, आणि झोपताना काढायचा. तोल गेलेला असतो हे विसरू नका, बाथरूममध्ये ओली फरशी आणि घसरणारी चप्पल दोन्ही आधी बघा.

डॉक्टरांची परवानगी असेल तर चाला, संध्याकाळी अर्धा तास, बोलता येईल एवढ्या वेगाने. फुलपाखरू आसन, मांजरीसारखं हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली, मोठ्या बॉलवर बसून कंबर गोल फिरवणं, याने कंबरेला खूप आराम पडतो. याने बाळ नक्की खाली येतं अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. वार खाली असेल, रक्त गेलं असेल, आराम सांगितला असेल तर यातलं काही करू नका. मांडी घालून बसलं की नाळ गळ्याभोवती गुंडाळते ही थाप आहे, खुशाल बसा, फक्त उठवायला कोणीतरी असू द्या.

बाळ खाली आणायचे घरगुती उपाय

एरंडेल. दुधातून घ्या, चहातून घ्या, सांगणारे दहा भेटतात. त्याने जुलाब होतात, मळमळतं, अंगातलं पाणी जातं आणि ऐन कळांच्या वेळी बाई गळून जाते. स्वतःच्या मनाने अजिबात नको, आधी सिझर झालं असेल तर मुळीच नको. नवव्यात वाटीवाटी तूप पिऊन बाळ घसरून बाहेर येत नाही, ते तूप पोटात जातं आणि बाळ असतं पिशवीत, दोघांची भेट होत नाही. भातावर चमचाभर घ्या, मस्त लागतं.

पोट चोळून बाळ खाली सरकवून देणारी कोणी असेल तर तिला चहा पाजून घरी पाठवा. चोळताना वार सुटू शकते, मग आतून रक्तस्राव, आणि तेव्हा मिनिटांचा खेळ असतो. आणि पोट खाली म्हणजे मुलगा, वर म्हणजे मुलगी, याला काही अर्थ नाही. मला दोन्ही वेळेस मुलगा सांगितला होता, दोन्ही पोरी आहेत आणि आत्ता शेजारच्या खोलीत भांडतायत.

सहावं: आता थांबायचं नाही, निघायचं

पाणी गेलं तर. एकदम धबधब्यासारखं जातं किंवा थेंब थेंब ओलं होत राहतं. लघवी का पाणी कळत नसेल तर स्वच्छ पॅड लावा आणि वेळ बघून ठेवा, रंग-वास बघा, पण हा तपास घरी तासन्‌तास करत बसू नका, निघा. हिरवट-काळपट असेल तर बाळाने आत शी केलीय, लगेच. आणि डोकं अजून फिक्स नाही असं शेवटच्या चेकअपला सांगितलं होतं आणि पाणी गेलं, तर चालत फिरत जाऊ नका, आडवं होऊन, कुशीवर पडूनच गाडीतून जा. डोकं वर असलं की त्याच्या आधी नाळ खाली घसरायची भीती असते. मायांगात किंवा बाहेर दोरीसारखं काही लागलं तर ते आत ढकलू नका, ओढू नका, गुडघे-छाती टेकून ढुंगण वर अशा अवस्थेत राहा आणि ताबडतोब गाडी बोलवा.

पाळीसारखं लाल रक्त गेलं, पोट सतत दगडासारखं कडक राहिलं, डोकं फुटल्यासारखं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, चेहरा-हात एकदम सुजले, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तरी लगेच. यातली डोकेदुखीपासून पुढची लक्षणं बीपी वाढल्याची असतात, त्यांचा पोट उतरण्याशी काही संबंध नाही, पण याच दिवसांत येतात म्हणून लोक गल्लत करतात. शेंबडासारखा चिकट स्राव, त्यात गुलाबी-तांबूस रेघ, हे ३७ आठवड्यांनंतर ठीक आहे, गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागल्याची खूण, फोन करून सांगून ठेवा.

कळा. खोट्या असतील तर चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की विरतात. खऱ्या विरत नाहीत, अंतर कमी आणि जोर जास्त होत जातो. पहिल्या वेळेस दर पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर, असं तासभर चाललं की निघा. दुसरी वेळ असेल किंवा दवाखाना तास-दीड तासावर असेल तर एवढं थांबू नका.

सातवं: दाराशी काय हवं

माता बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट लिहिलेला रिपोर्ट, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, एका पिशवीत. आशाताईंचा नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्ये पण हवा, तुमच्याच नको. गाडीसाठी १०२ आणि १०८, दोन्ही फुकट. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत असतं, २०११ पासून आहे, तरी लोकांना अजून माहीत नसतं. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची मोफत तपासणी पण असते, डोकं फिक्स झालं का हे तिथे विचारता येतं.

आणि दुसऱ्या वेळेस माझं काय झालं? ३९ आठवडे झाले तरी डोकं वर. रात्री ११ला पहिली कळ, दोनला दवाखान्यात, पहाटे साडेचारला पोरगी हातात. बाळ कधी उतरलं, गाडीत का जिन्यावर, काही कळलं नाही. मंगळसूत्र निघतानाच काढून आईच्या पर्समध्ये टाकलं होतं, त्यामुळे वाट्या टेकल्यात का लोंबल्यात ते बघायचं राहूनच गेलं.